डीएनए जुळला! पण 'लाखांत एक' हा आकडा येतो कुठून?

'आरोपीचा डीएनए जुळला, दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता लाखांत एक,' अशा बातम्या आपण वाचतो. हा आकडा एकट्या नमुन्यातून निघत नाही. त्यासाठी लोकसंख्येचा एक तक्ताही लागतो.

प्रयोगशाळा अख्खा डीएनए वाचत नाही. ती ठरावीक जागा पाहते, जिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात ९ वेळा, कुणात १२ वेळा. या जागांना एसटीआर म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेससाठी २०१७ पासून अशा २० जागा तपासतात. प्रत्येक जागी एक प्रकार आईकडून, एक वडिलांकडून आलेला असतो. तो प्रकार समाजात किती आढळतो हे तक्त्यातून घ्यायचं आणि सगळ्या जागांचा गुणाकार करायचा.

समजा, तक्त्यात दोन्ही प्रकार १० टक्के आहेत. मग ती जोडी ५० जणांत एकाकडे सापडेल. नमुना खराब झाला आणि अशा चारच जागा वाचता आल्या, तर उत्तर येतं ६२.५ लाखांत एक. पण गुन्हा घडला त्या वस्तीत तेच प्रकार २० टक्के असतील तर? उत्तर होतं सुमारे २४ हजारांत एक. नमुना तोच, आरोपीही तोच!

भारतात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे शेकडो वर्षं जातीतच लग्नं होत आली. २०१७ च्या एका अभ्यासात (हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञही त्यात होते) दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले की याबाबतीत त्यांनी फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकलं.

म्हणून आरोपीच्या जातीचा तक्ता काढायचा का? नाही. गुन्हा ज्यांच्यापैकी कुणीही केला असू शकतो, ती माणसं महत्त्वाची. शिवाय गणितात दुरुस्ती करता येते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९६ मध्येच त्यासाठी ०.०१ आणि लहान, एकट्या पडलेल्या गटांसाठी ०.०३ हा गुणांक सुचवला होता. वीसच्या वीस जागा जुळल्या तर या दुरुस्तीनंतरही आकडा प्रचंडच राहतो. खरी अडचण अर्धवट नमुन्यांची.

आणि सख्ख्या भावाची. वरच्या २० टक्क्यांच्या उदाहरणात आरोपीच्या भावाचा डीएनए त्या चारही जागी जुळण्याची शक्यता ५३ मध्ये एक आहे. तिथे कुठलाच तक्ता कामाचा नाही, भावाचाही नमुना घ्यावा लागतो.