हिशेबाकडून स्मरणाकडे : कथाप्रधान व्हिडिओ गेममधील नैतिक निवडीचा इतिहास

नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला करुणा वाटते, भय वाटते, क्वचित जुगुप्साही वाटते. परंतु पश्चात्ताप वाटत नाही. रंगमंचावर घडणाऱ्या कृत्याचा तो कर्ता नसतो. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचारात हे गृहीतच आहे. ‘हे माझे’ आणि ‘हे परक्याचे’ हा भेद विरतो, म्हणून आस्वाद शक्य होतो. कादंबरीचा वाचकही याला अपवाद नाही. नायकाच्या अपराधाने तो अस्वस्थ होईल. पण तो अपराध आपण केला नसता तर बरे झाले असते, असे त्याला वाटण्याचे कारण नाही.

कथाप्रधान व्हिडिओ गेमने या व्यवस्थेत एक अडचण निर्माण केली. येथे कथानकातील कृत्य खेळणाऱ्याच्या हातून घडते. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात अशा संहितांची चर्चा करताना अर्थ लावण्यापलीकडे वाचकाला जे श्रम करावे लागतात त्यांच्याकडे लक्ष वेधले होते. ते श्रम नैतिकही असू शकतात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा या खेळांच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल; कारण निवडीची सोय उपलब्ध झाली आणि त्याच क्षणी निवड नैतिक झाली, असे घडलेले नाही.

या इतिहासाचा आरंभ रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ (१९८५) या खेळापासून मानणे सयुक्तिक ठरेल. त्याआधीच्या भागांत खेळाडू चोऱ्या करीत, निरपराध नगरवासीयांना मारीत, आणि तरीही अखेरीस वीर ठरत. हा विरोध खेळाडूंच्या आणि पालकांच्या पत्रांतून गॅरियट यांच्या ध्यानी आला. नव्या खेळात त्यांनी खलनायकच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनम्रता या आठ सद्गुणांची साधना करून ‘अवतार’ होणे, हे येथील उद्दिष्ट आहे. आपल्या परंपरेत अवतार वरून खाली येतो. येथे माणूस पायरीपायरीने अवतारपदाला चढतो. शब्द संस्कृताचा असला, तरी त्यामागची कल्पना आत्मोन्नतीची आहे.

खेळाच्या प्रारंभी एक भविष्य सांगणारी स्त्री सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण परस्परांसमोर उभे असतात आणि दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते. सत् आणि असत् यांच्यातील निवडीपेक्षा सत् आणि सत् यांच्यातील निवड अवघड असते, ही जाण येथे व्यक्त झाली आहे. पुढे औषधी द्रव्ये विकणारे अंध विक्रेते भेटतात. किती नाणी द्यायची, ते खेळाडूनेच ठरवायचे. कमी दिली तर कोणी अडवीत नाही. मात्र प्रामाणिकपणाचा आकडा आत कुठेतरी उतरतो. हा आकडा पडद्यावर दिसत नाही. राजवाड्यातील हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला विचारले, तरच आपल्या प्रगतीचा अंदाज मिळतो. परंतु आकडा लपविलेला असला, तरी तो आकडाच होय. याचकाला नाणे दिले की करुणा वाढते, हे एकदा कळले की करुणा साठविता येते. चित्रगुप्ताची वही बंद असली, तरी ती लिहिली जात आहे हे खेळणारा जाणतो.

पुढच्या टप्प्यात ही वही उघडी झाली. बायोवेअरच्या ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या खेळात प्रकाश आणि अंधार यांच्यामधील मापपट्टीवर खेळाडूचे स्थान दिसते. जो प्रकाशाच्या बाजूला झुकला, त्याला त्या बाजूच्या शक्ती स्वस्तात पडतात. ‘फेबल’ (२००४) मध्ये दुष्टाला शिंगे फुटतात आणि सज्जनाच्या मस्तकाभोवती तेजोवलय येते. ‘मास इफेक्ट’ (२००७) या खेळाने सौम्य आणि कठोर अशा दोन वृत्तींचे स्वतंत्र गुण ठेवले. या रचनेचा परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. मधल्या मार्गाला लाभ नसल्यामुळे खेळाडू आरंभीच एक बाजू ठरवितो आणि नंतरच्या प्रत्येक प्रसंगी तिलाच चिकटून राहतो. समोरच्या पात्राचे दुःख काय आहे, हे ऐकण्याची त्याला गरज उरत नाही. संख्येने पाहता निवडी वाढल्या. प्रत्यक्षात निवड एकदाच झाली.

‘बायोशॉक’ (२००७) या खेळाने हा पेच नकळत उघड केला. समुद्रतळाच्या उद्ध्वस्त नगरात ‘लिटल सिस्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान मुली भेटतात. त्यांच्या शरीरात ‘अ‍ॅडम’ हे मोलाचे द्रव्य असते. मुलीचा बळी घेतला तर १६० मात्रा मिळतात, तिला वाचविले तर ८०. दृश्य भीषण आहे आणि प्रश्न खरा वाटतो. पण तीन मुलींना वाचविले की कृतज्ञतेची भेट येते आणि तिच्यात आणखी २०० मात्रा असतात. म्हणजे तिघींच्या हत्येचे मोल ४८० आणि दयेचे ४४०, शिवाय भेटीतील इतर वस्तू. दया हा त्याग न राहता उशिरा परत येणारी ठेव होते. याच खेळाच्या उत्तरार्धात मात्र एक विलक्षण प्रसंग येतो. आपण स्वेच्छेने केली असे मानलेली कामे एका सौजन्यपूर्ण शब्दप्रयोगात दडलेल्या आज्ञेनुसार घडली, हे खेळाडूला कळते. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या हातून नियंत्रण काढून घेऊन एक हत्या घडविली जाते. ज्या खेळाने निवडीला भाव ठरवून दिला, त्यानेच निवडीच्या भ्रमाचीही चिकित्सा केली.

यानंतरच्या दशकातील महत्त्वाचे खेळ हिशेबाकडून स्मरणाकडे वळले. टेलटेलच्या ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) मध्ये गुण नाहीत. उत्तरासाठी काही क्षणांचाच अवधी असतो, आणि अमुक पात्र हे लक्षात ठेवील, एवढीच सूचना पडद्यावर उमटते. पहिल्या भागात कार्ली आणि डग यांच्यापैकी एकालाच वाचविता येते. ज्याला वाचवावे, त्याचा तिसऱ्या भागात मृत्यू होतो. यावरून ही निवड खोटी आहे, असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप परिणामालाच नैतिकतेचे माप मानतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस अन्नाने भरलेली एक बेवारस मोटार सापडते. खेळाडूने हात लावला नाही, तरी सोबती अन्न नेतातच. शेवटच्या भागात मोटारीचा मालक भेटतो आणि जाब विचारतो. अन्न गेले, ही घटना अटळ होती. ‘मी घेतले’ की ‘मी घेतले नाही’, एवढेच खेळाडूच्या हाती होते. क्लेमेंटाइन ही लहान मुलगी ते पाहत होती. घटनाक्रम न बदलताही कर्तृत्व बदलू शकते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये खेळाडू एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरील तपासनीस असतो. पतीची कागदपत्रे बिनचूक असतात; मागोमाग आलेल्या पत्नीकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडले तर चूक नोंदविली जाते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, त्यानंतर दंड होतो. आणि घरी कुटुंबाला अन्न व उष्णता पुरवायची असते. येथेही हिशेब आहे, पण तो सद्गुणांचा नाही, पगाराचा आहे. चांगुलपणाला बक्षीस नाही, उलट किंमत आहे. म्हणूनच तो चांगुलपणा ठरतो.

राहता राहिली ती माघारीची वाट. जतन केलेल्या टप्प्यावर परतून कृत्य पुसून टाकता येते, ही या माध्यमाची सर्वांत मोठी नैतिक पळवाट होती. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ (२०१५) ने तीच बंद केली. आपला सांभाळ करू पाहणाऱ्या टोरिएलला मारून, नंतर पश्चात्तापाने मागे जाऊन तिला जीवदान दिले, तरी फ्लावी हे पात्र आधीचे कृत्य बोलून दाखविते. साऱ्यांची हत्या करून खेळ संपविणाऱ्याला पुढे सुखान्त शेवटही निर्मळ रूपात मिळत नाही. कथेतले जग पूर्ववत होते. खेळाडूचे कृत्य पुसले जात नाही.

मिगेल सिकार्त यांनी २००९ साली खेळाडू हा स्वतः नैतिक विचार करणारा कर्ता असतो, अशी भूमिका मांडली. वरील इतिहास तिला एक पुस्ती जोडतो. हा कर्ता फाट्यांच्या संख्येने निर्माण होत नाही. बक्षीस काढून घेतले, अवधी आखूड केला आणि माघार अडविली, तेव्हाच तो जागा झाला. वॉर्सातील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने २०१४ साली काढलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ मध्ये वेढ्यातील नागरिक एका वृद्ध दांपत्याचे अन्न लुटू शकतात. गुण कमी होत नाहीत, पण लुटणारी पात्रे खचत जातात. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ शालेय वाचनाच्या शिफारशींत समाविष्ट करण्याची घोषणा केली. संहितांच्या यादीत खेळ येऊ लागले असतील, तर करुणा आणि भय यांच्या शेजारी पश्चात्तापाला आस्वादाच्या मीमांसेत कोठे बसवायचे, याचा विचार आपल्या समीक्षेलाही करावा लागेल. साधारणीकरणात ‘मी’ विरघळतो, असे आपण मानत आलो. या खेळांत अनुभव संपतो तेव्हा मागे उरतो तो हा ‘मी’च.