अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर : मतदारसंघांच्या सीमा आणि आपले मत

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने निघाले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके लागोपाठ येतात. शहरे एकमेकांना लागून असली तरी विधानसभेसाठी येथील मतदार वेगवेगळ्या मतदारसंघांत मोडतात. हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कोणत्याही पक्षाचा प्रचार येथे अभिप्रेत नाही.

प्रथम वस्तीचा विचार करू. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे, म्हणजे गाव प्राचीन. परंतु शहर वाढले ते आगपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी व पुढे औद्योगिक वसाहत यांमुळे. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथे आसरा मिळाला आणि १९४९ साली ‘उल्हासनगर’ हे नाव पडले. नाना प्रांतांतून आलेल्या अशा वस्तीत केवळ एका समाजाच्या मतांवर निवडून येणे कठीण असते.

अंबरनाथ मतदारसंघातून १९९०, १९९५ व १९९९ अशा तीन निवडणुकांत शिवसेनेचे साबीर शेख विजयी झाले. १९९५ च्या युती सरकारात ते कामगार मंत्री होते. त्यांच्या पक्षाबद्दल आपल्या वाचकांत मतभेद असतील. परंतु बहुसंख्य मतदार अन्य धर्मांचे असलेल्या मतदारसंघाने एका मुसलमान उमेदवाराला तीनदा निवडून दिले, ही नोंद विसरता येणार नाही. २००४ साली येथून राष्ट्रवादी काँग्रेसचे किसन कथोरे निवडून आले. शेजारच्या उल्हासनगरात मात्र १९९० ते २००४ या चारही निवडणुका पप्पू कलानी यांनीच जिंकल्या.

२००८ च्या पुनर्रचनेने नकाशा बदलला. अंबरनाथ हा अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि त्यात उल्हासनगर शहराचाही काही भाग आला. बदलापूर मुरबाड मतदारसंघात आहे. अंबरनाथमधून २००९ पासून २०२४ पर्यंत चारही वेळा डॉ. बालाजी किणीकर, तर मुरबाडमधून चारही वेळा कथोरे निवडून आले. अंबरनाथ व उल्हासनगर हे कल्याण लोकसभा मतदारसंघात, तर मुरबाड भिवंडीत मोडतो. म्हणजे अंबरनाथचे बिऱ्हाड बदलापूरला हलवले, तर आमदार आणि खासदार दोन्ही बदलतात!

आता काही आकडे पाहा. २०१४ साली अंबरनाथचा निकाल २,०४१ मतांनी लागला. उल्हासनगरात त्याच वर्षी ज्योती कलानी १,८६३ मतांनी विजयी झाल्या, तर २०१९ साली कुमार आयलानी २,००४ मतांनी. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावे असतात. दोन याद्यांत मावेल एवढ्या मतांवर तीन निकाल लागले!

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने उल्हासनगरची खोली सोडून बदलापूरला घर घेतले. रेशनकार्ड बदलले, मुलांचे शाळेचे दाखले आणले. मतदार यादीतील नावे मात्र तिकडेच राहिली. मतदानाच्या दिवशी आई-वडील आणि दोन मुले, अशी चार मते घरीच बसली. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. अर्ज भरायचे राहून गेले, इतकेच. अशी कुटुंबे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील.

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ साली. आता १७ वर्षे पूर्ण झाल्यावर नमुना ६ आगाऊ भरता येतो. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर नाव यादीत येते. घर बदलल्यास नमुना ८ भरावा. पालकांनो, मुलाच्या परीक्षेचा अर्ज आपण कधी विसरत नाही. हाही अर्ज तितक्याच काळजीने भरा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपला मतदारसंघ कोणता, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांना सांगता आले नाही, तर यादी तुम्ही स्वतः पाहून त्यांना सांगा.