ऑगस्टेबाईंची फी

अल्झायमरची पहिली केस आपण नेहमी मेंदूची गोष्ट म्हणून ऐकतो. आज ती घरच्यांच्या बाजूने बघू.

२५ नोव्हेंबर १९०१ ला ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. त्याचं नाव विचारलं, तर बाई स्वतःचंच सांगायच्या. संस्था त्या काळाच्या मानाने चांगली. प्रमुख डॉक्टर एमिल सिओली रुग्णांना बांधून ठेवण्याच्या विरोधात होते. फार अस्वस्थ माणसाला कोमट पाण्यात बराच वेळ बसवत. पण कार्लला फी झेपेना. बायकोला स्वस्त ठिकाणी हलवायची त्याची खटपट चालू होती. अल्झायमरना मात्र ही रुग्ण तिथेच हवी होती. कुटुंबाची अडचण आणि डॉक्टरांचं कुतूहल, दोन्ही खरी!

१९०३ मध्ये अल्झायमरच फ्रँकफर्ट सोडून गेले. बाई तिथेच राहिल्या. ८ एप्रिल १९०६ ला त्या गेल्या, त्या बेडसोअरमधून रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने. मेंदू तपासणीसाठी म्युनिकला गेला. १९१० मध्ये क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात आजाराला नाव मिळालं.

म्हणून आईसाठी केअर होम बघताना आपण बाग आणि मोठ्या डॉक्टरांची पाटी जरा बाजूला ठेवू. रात्री एका आयाकडे किती पेशंट? कूस कोण बदलतं, त्याची नोंद होते का? बांधतात का? आणि फीचं म्हणाल, तर ऑगस्टेबाई दाखल झाल्यावर चार वर्षांहून जास्त जगल्या. आपला हिशेब तेवढ्याचा तरी हवा, एका वर्षाचा नव्हे.