घरचे दुखणे आणि गावची देखरेख

आपल्याकडे दुखण्याचा पहिला दवाखाना म्हणजे घर. पाय मोडला, अर्धांग झाले, म्हातारपणी हातपाय चालेनासे झाले, की माणूस बाजेवर पडतो आणि सून, लेक, बायको, जी कोणी हाताशी असेल ती त्याचे सगळे करते. ही सेवा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पण ती कशी होते, हे पाहणारे कोणी नव्हते. दवाखान्यात औषधाची नोंद असते, विचारणारा वरिष्ठ असतो. घराचे दार लोटले की आत काय चालले आहे ते भिंतींनाच ठाऊक! प्रेम असूनही अज्ञानाने इजा होते. पोटात दुखले म्हणून डाग देणारे हातही मायेचेच असत.

मग घरच्या सेवेचा दर्जा पाहायचा कोणी? हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाचा व्यापारी होता. त्याच्या आजारी पत्नीची अखेरच्या दिवसांत एका परिचारिकेने घरी राहून शुश्रूषा केली. पत्नी गेल्यावर, १८५९ साली, त्याने त्याच बाईला गरिबांच्या घरोघर पाठवण्यास सुरुवात केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्लाही त्याने घेतला. नुसती दया पुरत नाही, शिक्षण हवे, हे तेथे लवकर उमगले. पुढे १८८७ साली घरोघर जाणाऱ्या परिचारिकांसाठी तेथे राष्ट्रीय संस्थाच उभी राहिली.

पण श्रोतेहो, ही झाली श्रीमंत देशाची गोष्ट. जिथे पाऊस बेभरवशाचा, रस्ता पावसात तुटणारा आणि शिकलेली परिचारिका गावात राहायला तयार नाही, तिथे काय करायचे? याचे उत्तर शोधले गेले ते आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचे. पुढे अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. आसपासची गावे त्यांनी हाती घेतली. त्या वेळी तिथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमाव्यात, असा त्यांचा पहिला बेत होता. तो फसला. परक्या तरुण मुलीला गावात एकटीने राहणे जड जाई, आणि गावकऱ्यांचाही तिच्यावर विश्वास बसेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. अशा बायांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातचे औषध पुढे गाव घेऊ लागले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे खरे नवल वाटते ते देखरेखीचे. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हाती रोग्याचा जीव सोपवायचा, तर तो सुरक्षित कसा राहणार? जामखेडने त्यासाठी काही साध्या गोष्टी केल्या. पहिली, निवड गावाची. म्हणून जबाबदारीही गावाची. दुसरी, शिक्षण एकदाच देऊन थांबायचे नाही. आठवड्यातून एकदा या बाया जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, मुक्काम करायच्या, आणि गावात काय अडले ते सगळ्यांपुढे सांगायच्या. एकीची चूक दहा जणींचा धडा व्हायची. तिसरी, डॉक्टर-परिचारिकांचे फिरते पथक गावात येई, त्या बाईबरोबर घरे फिरे, तिचे काम डोळ्यांनी पाही. आपल्या आवाक्याबाहेरचा रोगी ओळखून वेळेवर वर पाठवणे हाही तिच्या शिक्षणाचाच भाग होता. आणि चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: विद्या झाकून ठेवायची नाही. बाईने जे शिकले ते घरच्यांना शिकवायचे.

घरच्यांना माहीत असले म्हणजे दारामागचा अंधार कमी होतो. कुष्ठरोग्याच्या बधिर पायाला जखम झाली तर त्याला कळत नाही. म्हणून तळवा रोज पाहावा लागतो. क्षयाची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. या गोष्टींना यंत्र लागत नाही. माहिती लागते, आणि ती पाळली जाते की नाही हे विचारणारे कोणी लागते.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अल्मा-आटा येथे जगभरच्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला होता. २००५ पासून आपल्या देशात ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. गावातली बाई गावासाठी, हाच विचार त्यामागे आहे.

आता काळ पालटला आहे. लेक पुण्यात, मुलगा मुंबईत, आणि म्हातारी नगरच्या घरात पगारी बाईच्या हाती, असे चित्र आता खेड्यातही दिसते. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट देण्याची तरतूद आहे. २०१९ साली लोकसभेत त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, किमान दर्जा ठरावा, असे त्यात होते. पण ते मंजूर होण्याआधीच २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळले.

कायदा व्हायला हवा, यात शंका नाही. तोवर मात्र जामखेडचे धडे आपल्या हाती आहेत. घरी सेवेला येणाऱ्या बाईला कोणी शिकवले, हे विचारा. तिला शिकायची संधी द्या, तिचा मोबदला वेळेवर द्या. थकलेल्या, उपाशी हातांकडून चांगली सेवा होत नाही. औषधाची वेळ भिंतीवर लिहून ठेवा. शिक्षकबंधूंनो, कूस बदलण्याची आणि जखम पाहण्याची माहिती मोठ्या मुलांना जरूर द्या. घरी आजी असतेच. आणि शेजारच्या बाजेवर कोणी पडले असेल, तर आठवड्यातून एकदा दार लोटून आत जा, त्याच्याशी चार शब्द बोला, पाठ कशी आहे ते विचारा.

जामखेडने देखरेखीची सुरुवात अशाच दार लोटून आत जाण्याने केली होती.