१७. 'तुझा नकुल करीन'

संदर्भ 'सीआयडी' या हिंदी मालिकेचा. बी. पी. सिंग यांची ही मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. तिचा नायक एसीपी प्रद्युम्न, भूमिका शिवाजी साटम यांची. 'एक शून्य शून्य' या मुंबई दूरदर्शनवरील पोलीस मालिकेमुळे ते मराठी घरांना आधीच ओळखीचे होते. नकुल हा प्रद्युम्नचा मुलगा. तो गुन्हेगारीकडे वळतो आणि बापाच्याच गोळीने मरतो. कायद्यापुढे पोटचा मुलगाही नाही, हा बाणा त्या काळच्या अनेक कडक वडिलांना मनापासून पटला होता. म्हणून हे शब्द इथे नुसता धाक म्हणून वाचू नयेत: बोलणाऱ्याला प्रद्युम्नचा दरारा दिसतो, मुलाला मात्र नकुलचे मरण ऐकू येते. पुढच्या पानावरचा अबोला त्यातूनच येतो.

याच मजकुरातील 'वसाहत' म्हणजे तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या कर्मचाऱ्यांची बोईसर येथील वसाहत. केंद्रातील वीजनिर्मिती १९६९ मध्ये सुरू झाली. मजकुरात जिल्हा 'ठाणे' आहे, ते बरोबर. पालघर जिल्हा त्यातून नंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.