आपल्या इमारतीतल्या टॉकीज

रौप्यमहोत्सव हा शब्द माझ्या पिढीने पहिल्यांदा वाचला तो सिनेमाच्या जाहिरातीत. एकाच टॉकीजला पिक्चर सलग पंचवीस आठवडे चालला की पेपरात मोठी चौकट यायची आणि टॉकीजवर रोषणाई व्हायची. दादा कोंडके यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला आणि त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. १९७१ चा ‘सोंगाड्या’ त्यांतलाच. आता आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा स्मरणिकेत सिनेमाला दोन पानं मिळायला हरकत नाही.

समितीने विषय दिला, ‘आपल्या भागातल्या जुन्या टॉकीज’. पंचाईत अशी, की आपल्या सारसोळ्यात टॉकीज कधी नव्हतीच. गाव होतं, खाडी होती, मासेमारी होती, मिठागरं आणि भातशेती आसपास होती. नंतर सिडको आली, सेक्टर आले. म्हणून मी वेगळा उद्योग केला. महिनाभर संध्याकाळी जिन्यात, लिफ्टमध्ये, बाकावर जो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला : आयुष्यातला पहिला पिक्चर कुठे पाहिलात? उत्तरं जमली तेव्हा लक्षात आलं, की आपल्या इमारतीत टॉकीज बऱ्याच आहेत. प्रत्येक घराने येताना आपापली बरोबर आणली आहे.

ए विंगमधल्या आजी गिरगावच्या. सिनेमाचं माहेरच ते. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, पण आपल्या माणसाने काढलेला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये. दादासाहेब फाळके त्याचे कर्ते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला तोही गिरगावातच, मॅजेस्टिकला. आजींच्या सासूबाई मात्र सांगायच्या ‘संत तुकाराम’बद्दल. प्रभातचा हा १९३६ चा चित्रपट सेंट्रलला वर्षाहून जास्त चालला. चाळीतल्या बायका घरून आंघोळ करून, देवळात जावं तशा जायच्या, असं सासूबाई म्हणत. मॅजेस्टिक पुढे पाडलं आणि त्या जागी शॉपिंग सेंटर उभं राहिलं. नाव तेवढं राहिलं : मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर. आजी म्हणाल्या, “नाव ठेवलं हेच खूप. नातवंडांना बोट दाखवून सांगता तरी येतं.”

मी स्वतः लालबागचा. आमची टॉकीज म्हणजे भारतमाता. गिरणीच्याच जमिनीवर उभी, तिकीट परवडणारं, आणि पडद्यावर मराठी चित्रपट हमखास. गिरणगावात पिक्चरची वेळ घड्याळापेक्षा भोंग्यावर ठरायची. दुपारच्या पाळीला जाणारा बाराचा खेळ बघून थेट खात्यात हजर व्हायचा, सकाळच्या पाळीवाला सहाच्या खेळाला बायको-पोरांना घेऊन यायचा. डोअरकीपर चाळीतलाच, बाहेर वडे विकणारी मावशी चाळीतलीच. मध्यंतरात दिवे लागले की कोण कोणाबरोबर आलंय ते अख्ख्या लालबागला कळायचं! पोरगं रडायला लागलं तर पुढच्या रांगेतली अनोळखी बाई त्याला मांडीवर घ्यायची.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. माझे वडील त्यांतले एक. आमच्या घरात सिनेमा हा शब्द निघेनासा झाला. त्यानंतर त्यांनी तिकिटं काढली ती १९९१ साली, ‘माहेरची साडी’ची, आईसाठी. दोन तिकिटं. तिकिटाची अर्धुकं आईने पोथीत ठेवली होती, ती आज माझ्याकडे आहेत. पडद्यावर काय होतं यापेक्षा ते दोघं पुन्हा एकत्र बाहेर पडले, हे आम्हा भावंडांना जास्त लक्षात आहे.

बी विंगमधले काका साताऱ्याकडचे. त्यांची टॉकीज चालत यायची. पुसेगावच्या यात्रेत तंबू लागायचा, ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटरची घरघर, भोंग्यावरून पुकारा. बसायला जमीन, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. काकांनी पुढे काही काळ तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली कामही केलं. त्यांच्याकडून मला कळलं, की दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. पडद्याच्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की पहिलं बंद आणि दुसरं चालू. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. “सांधा कळला की पब्लिक शिट्ट्या मारून जीव घ्यायचं,” काका म्हणाले. एकच प्रिंट दोन टॉकीजना असेल तर संपलेली रिळं सायकलवरून दुसरीकडे पोचवायची. सायकल पंक्चर झाली की मध्यंतर लांबायचं.

गावठाणातल्या एका आजोबांनाही विचारलं. सारसोळ्याची आठवण त्यांच्याशिवाय पुरी कशी होणार? ते म्हणाले, टॉकीज नव्हती, पण व्हिडिओ होता. ऐंशीच्या दशकात हळदीला किंवा गणपतीत भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, ओटीवर ठेवायचे आणि एका रात्रीत तीन पिक्चर. बघायला सगळं गाव अंगणात. भरतीची वेळ झाली की काही माणसं उठून होड्यांकडे जायची, बाकीची तशीच बसायची. सेक्टरमध्ये नव्याने आलेली माणसं आधी लांब उभी राहून बघत, मग कोणीतरी “बसा की” म्हणे. गाव आणि सेक्टर यांची पहिली ओळख काही ठिकाणी अशी झाली.

नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे खाडीचा पूल १९७३ ला खुला झाला. घरं आली, शाळा आल्या, बाजार आले. पिक्चरला मात्र लांब जावं लागे. वाशीचं मेघराज, नाहीतर पूल ओलांडून चेंबूर भागातली बसंत, नटराज, सहकार. १९९२ ला लोकल वाशीला आली, १९९३ ला नेरूळला, तेव्हा हे जरा सोपं झालं. तरी शेवटचा खेळ सुटल्यावर घरी कसं यायचं हा प्रश्न असेच. त्यामुळे आपल्याकडे पिक्चर हा बेत असायचा, चार घरांनी मिळून ठरवलेला.

आपल्या सोसायटीची टॉकीजही याच गरजेतून निघाली. पहिल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पार्किंगच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून पिक्चर दाखवला, तो जुन्या सभासदांना आठवत असेल. चादर वाऱ्याने फुगायची आणि नायकाचं नाक लांब व्हायचं. तोपर्यंत बऱ्याच जणांना शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीमुळे ठाऊक होतं, एवढंच. त्या रात्री सतरंज्या कमी पडल्या, तेव्हा गिरगावची सतरंजी साताऱ्याच्या सतरंजीला लागली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. केबल आली. २००१ नंतर सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि मॉलमध्ये पडदे आले. आज सीवूड्स स्टेशनवरच्या मॉलमध्ये आपण दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. खुर्च्या मऊ, आवाज उत्तम, बायकांसाठी स्वच्छतागृह नीट. जुन्या टॉकीजमधले ढेकूण आणि तिकिटांचा काळाबाजार ज्यांनी भोगलाय, ते याला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. फक्त तिथे आपल्याला ओळखणारं कोणी नसतं. आणि घरी तर चार माणसं चार फोनवर चार पिक्चर बघतात. तिकडे पुण्याचं प्रभात २०१४ मध्ये बंद झालं, दादरचं चित्रा २०१९ मध्ये. ज्यांनी ती पाहिली, त्यांच्यातले कितीतरी आपल्याच इमारतीत आहेत. होते म्हणावं लागेल काहींच्या बाबतीत : गेल्या पाच वर्षांत आपल्यातले अनेक ज्येष्ठ गेले आणि त्यांची टॉकीज त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

एक : ज्यांच्या घरात ज्येष्ठ आहेत, त्यांनी त्यांना तो पहिल्या पिक्चरचा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावं. टॉकीजचं नाव, गाव, बरोबर कोण होतं, तिकीट कितीचं. एका पानात मावतं. सोसायटीच्या कार्यालयात मी वही ठेवली आहे, त्यात चिकटवा. माझ्या आई-वडिलांच्या अर्धुकांनी सुरुवात केली आहे.

दुसरी : पुनर्विकासाचा विषय आज ना उद्या आपल्याही सर्वसाधारण सभेपुढे येणार. तेव्हा चटईक्षेत्र, कॉर्पस, पार्किंग यांवर तास-तास चर्चा होईल आणि व्हायलाच हवी. पण नकाशा समोर आला की कोणीतरी हेही विचारा, की सगळे सभासद एकत्र जमिनीवर बसतील एवढी मोकळी जागा आणि तिच्यासमोर एक कोरी भिंत यात आहे का. जिम आणि क्लबहाऊस बिल्डर मागितल्याशिवाय देतो. ही जागा मागावी लागेल.

तोवर आहे ती भिंत आहे. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात शनिवारी रात्री साडेआठला तिच्यावर पिक्चर आहे. गावठाणातल्या आजोबांनाही बोलावलं आहे. सतरंजी ज्याने त्याने आपली आणावी.

– एक सभासद, सी विंग