पित्तावर गेलेले तास

हा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही. माणूस आणि घड्याळातल्या वेळा कल्पित आहेत. धमनीच्या आत काय, कशानंतर आणि किती वेळात घडतं, ते मात्र वैद्यकातलं खरं आहे.

आदला दिवस, संध्याकाळी ५.३०

गारगोटीच्या वर, पाटगावच्या वाटेवरचं एक गाव. ऊसतोड चालू आहे. पन्नाशीतला शेतकरी जनावरांसाठी वाडं तोडताना अंगठ्यावर कोयता मारून घेतो. चिंधी गुंडाळतो, बायको वर हळद दाबते, आणि थोड्या वेळात रक्त थांबतं. श्रेय हळदीला जातं.

खरं काम केलं प्लेटलेटनी. प्रत्येक प्लेटलेटच्या अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचे सुमारे ८०,००० रेणू असतात. नाव अवघड आहे, अल्फा-टू-बी-बीटा-थ्री. हृदयविभागातले डॉक्टर नुसतं ‘टू-बी थ्री-ए’ म्हणतात. पेशींना एकमेकींशी आणि आजूबाजूच्या धाग्यांशी चिकटवून ठेवणाऱ्या ‘इंटेग्रिन’ कुळातलं हे प्रथिन. एरवी ते वाकून मिटलेलं असतं. जखमेचा सांगावा आला की क्षणात ताठ होतं आणि रक्तातलं फायब्रिनोजेन धरतं. त्याच फायब्रिनोजेनचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट धरते, आणि भोक बुजतं.

हे प्रथिन जन्मतःच नसलं किंवा निकामी असलं तर काय होतं, ते स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये नोंदवलं: प्लेटलेटची संख्या नेहमीएवढी, तरी मुलाचा घोळणा फुटला की थांबत नाही. दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यात लग्नं होतात तिथं हा आजार जास्त. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्या भागानं हे ध्यानात ठेवावं.

पहाटे ५.५०

थंडी आहे. माणूस उठून चूल पेटवतो. उठण्याच्या वेळी रक्तदाब आणि नाडी चढतात, प्लेटलेटही जास्त चिडखोर होतात. हृदयविकाराचे झटके सकाळी अधिक येतात ते उगाच नाही. हृदयाच्या उजव्या धमनीत वर्षानुवर्षं साठलेल्या चरबीच्या थराचं पातळ झाकण फाटतं. तंबाखूनं आधीच धमनीच्या अस्तराची वाट लावलेली असते.

५.५१

झाकणाखालचं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेटना हे अंगठ्यावरच्या जखमेसारखंच दिसतं. जखम बाहेरची की हृदयाच्या नळीतली, हे ओळखायची सोय या प्रथिनात नाही. आधी व्हॉन विलेब्रँड नावाचं दुसरं प्रथिन धावत्या प्लेटलेटना अडवतं, मग ८०,००० रेणू ताठ होतात. काल ज्यानं वाचवलं, तेच आज नळी बंद करायला लागतं.

६.१०

धमनी पूर्ण बंद. वरच्या पोटात, छातीच्या मधोमध दाब. घाम. एक उलटी.

“पित्त खवळलंय जणू,” तो म्हणतो.

“रातच्याला रस्सा लई झाला तुमास्नी,” बायको म्हणते, आणि सोडा घातलेलं लिंबूपाणी देते.

उलटीनं सगळ्यांची खात्री पटते. हृदयाच्या खालच्या भिंतीचं दुखणं पोटात जाणवतं, हे चुलीपुढं बसलेल्या कुणाला माहीत असणार?

६.३०

रक्त थांबून वीस मिनिटं झाली. इथून स्नायू कायमचा मरायला लागतो, आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांच्या हृदयावर ही सरकती कड मोजली. सहा तासांनंतर वाचवण्यासारखं फार थोडं उरतं.

७.४५

दुखणं जरा कमी. म्हशीची धार काढून होते. दूध संस्थेत जातं.

आता एक ॲस्पिरिन चावून खाल्ली असती तर? १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या ‘आयसिस-टू’ चाचणीत नुसत्या ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू जवळपास चौथाईनं घटले. ॲस्पिरिन त्या प्रथिनाला हात लावत नाही. त्याला ताठ व्हायला सांगणारा एक निरोप तोडते. घरात गोळी नाही, असती तरी पित्तावर कुणी दिली नसती. (पित्तच असतं तर ॲस्पिरिननं ते वाढलंही असतं, म्हणून आधी ईसीजी.)

९.१५

पुन्हा घाम, डोळ्यांपुढं अंधारी. मुलगा जीप आणतो.

९.५०

गारगोटी. ग्रामीण रुग्णालय वाटेतच. “हितं कशाला, थेट कोल्हापूरला जाऊया,” पाहुणे सांगतात. अशा वेळी पाहुण्यांचा सल्ला सगळ्यात महाग पडतो. पाच मिनिटांचा ईसीजी आणि गोळ्या जिथं मिळाल्या असत्या, तिथून गाडी पुढं जाते. कोल्हापूर अजून पन्नासेक किलोमीटर.

१०.२०

मुदाळ तिट्टा, मग बिद्री. कारखान्याचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्यांची रांग. १०८ ला फोन करायचं आत्ता कुणाला तरी सुचतं.

११.४०

कोल्हापूर. ईसीजी बघताच डॉक्टर विचारतात, “दुखायला कधी लागलं?” “पहाटे. पित्त वाटलं.” साडेपाच तास उलटून गेले आहेत.

१२.२५

मनगटातून नळी जाते, धमनी उघडते. गुठळी मोठी, म्हणून टिरोफिबॅनचं सलाईन लावतात. या औषधाचं मूळ घाटाखाली कोकणात कातळावर सापडणाऱ्या फुरशाच्या जातीत आहे. तिच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. ते टू-बी थ्री-एच्या मुठीत जाऊन बसतं आणि फायब्रिनोजेनला जागाच उरत नाही. त्या नमुन्यावरून बेतलेलं टिरोफिबॅन १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मग याच प्रथिनाला रोज अडवणाऱ्या तोंडी गोळ्या करून पाहिल्या, तर मोठ्या चाचण्यांत मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. सलाईनवर तासांपुरता अडवला तर उपकारक, कायमचा अडवायला गेलं की उलटतो, असा हा रेणू.

१२.५०

पडद्यावर धमनी वाहताना दिसते. खालच्या भिंतीचा मोठा भाग हलत नाही. तिथं येत्या काही आठवड्यांत व्रणाची ऊती तयार होईल; ती आकुंचन पावत नाही. दोन गोळ्या लिहून दिल्या जातात, त्यातली ॲस्पिरिन जन्मभराची. ॲस्पिरिननं निकामी केलेली प्लेटलेट मरेपर्यंत निकामीच राहते, पण मज्जा रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट सोडते, आणि त्यांचे ८०,००० रेणू धडधाकट असतात.